बडेबाबूंचा धूमकेतू

"माणसाचं काय जी, माणूस कुठं पळून राह्यला?"

कोणी फोटो काढून मागितला की आमचे बडेबाबू हे वाक्य फेकायचे आणि कॅमेऱ्याच्या चामडी पाकिटाचं बटण लावून टाकायचे. तुमच्याही कचेरीत असा एखादा हेडक्लार्क असेलच, फाइल हातात घेतली की ज्याची कंबर धरते आणि रानात जायचं म्हटलं की सुटते. पांढरकवड्याला आमच्या वाट्याला हे आले होते.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता. बदलून गेलेल्या एका साहेबाकडून त्यांनी घडी घालून मिटायचा कॅमेरा मिळवला आणि तेव्हापासून माणूस हा प्राणी त्यांच्या मनातून उतरला. फिल्म फक्त वाघ आणि तारे यांच्यासाठी. केळापूरच्या पुढे नाल्याकाठी ते दर रविवारी बसत, तंबाखू मळत आणि बरोबर नेलेल्याला वाघाच्या स्वभावावर व्याख्यान देत. इतकं बोलणाऱ्या माणसाजवळ वाघ कशाला येईल? यायचे ते रोही, म्हणजे तुमची नीलगाय. तेही पाठमोरे. रोह्यांच्या मागल्या बाजूचा एवढा संग्रह अख्ख्या जिल्ह्यात कोणाजवळ नसेल.

शिवाय 'सूर्य पाठीशी ठेवावा' हा एकच नियम ते शिकले होते. तो इतका कडक पाळत, की दिवसाच्या प्रत्येक फोटोत खालून त्यांचीच सावली आलेली असे, टोपीसकट. कोणी ती दाखवली की म्हणत, "ते माही सही समजा."

वहिनींची एकच इच्छा होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोघांचा मिळून एक फोटो असावा. बाजारातले स्टुडिओवाले चाचा घरी येऊन बटण दाबायला तयार होते. पण आपला कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यायचा? आणि स्टुडिओत जाऊन बसणं तर या कलावंताचा अपमानच. उत्तर ठरलेलं होतं. माणूस कुठं पळून राह्यला, पुढच्या रोलात पाहू. वहिनी हसून चहा ठेवायला उठत. मला त्या माणसाचा तेव्हा राग यायचा, अजूनही येतो.

रशियानं आकाशात चंद्र सोडला त्या सालची गोष्ट. खंडेनवमीला घरोघरी विळे, अडकित्ते, सायकली पुजतात. बडेबाबूंनी पाटावर कॅमेरा मांडला, तोही उघडून. वहिनींनी भक्तिभावानं फूल वाहिलं आणि देवाला लावतात तसं बोटभर गंध लावलं. देवाला कपाळ असतं. याला नुसता डोळाच होता, तिथंच लागलं. पूजेचं पुसू नये म्हणून बडेबाबूंनीही ते पुसलं नाही.

नवा रोल धुऊन आला, तर ताऱ्यांच्या मधोमध एक धुरकट डाग. बडेबाबूंनी कचेरीत धूमकेतू जाहीर केला. रशियालाही दिसला नाही म्हणाले. साहेबांना दाखवला, चपराशांना दाखवला, शाळेतले मास्तर येऊन पाहून गेले. मी त्याच रोलातला पुढचा फोटो उचलला. धूमकेतू रोह्याच्या ढुंगणावरही होता. मी तेवढंच मोठ्यानं म्हटलं आणि कचेरी कितीतरी दिवस हसत राहिली.

माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं. वहिनींना मात्र शब्दानं दुखावलं नाही. घरी जाऊन त्यांच्याच पदरानं काच पुसली म्हणे. एवढं एक त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

काही वर्षांनी ते गेले. कचेरीतच, फाइल उघडता उघडता. तेरवीला भिंतीवर फोटो हवा म्हणून आम्ही त्यांची पेटी उपसली. रोही, तारे, पुन्हा रोही. माणूस एकही नाही. शेवटी वहिनींनी एक फोटो निवडला आणि कात्रीनं रोही कापून टाकला. खाली गवतावरची सावली तेवढी उरली. चाचांनी तीच मोठी करून चौकटीत बसवून दिली.

हार घालून वहिनी माझ्याकडे वळल्या.

"माणूस कुठं पळते म्हणत होते न भाऊजी? पाहा, पळाले."

मग त्यांनी गंधाची वाटी घेतली. बोट काचेशी नेलं आणि थांबल्या. सावलीतल्या टोपीच्या खाली, कपाळ असावं तिथं, अंदाजानं गंध लावलं.