उंच दाराचा तंबू

दिवसभर शीतगृहात राबणारा माणूस सुट्टी काढून पुन्हा थंडीतच का जाऊन बसतो, हे त्याच्या बायकोला लग्न झाल्यापासून कळलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर ते कुणालाच कळलेलं नव्हतं. शीतगृहातले लोक त्याला गारठ्या म्हणत. हे नाव त्याला इतकं चिकटलं होतं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तरी तो पटकन पुढे होत नसे.

काम तसं साधं होतं. मटाराची आणि लोण्याची खोकी आत न्यायची, बाहेर आणायची आणि थंडी सांभाळायची. थंडी सांभाळायची म्हणजे फट राहू द्यायची नाही. दाराचं रबर जरासं सुटलं की बाहेरची दमट हवा आत घुसते आणि छताला बर्फाचा थर धरतो. तो खरवडताना मान आणि खांदे पार कामातून जातात. म्हणून गारठ्याच्या खिशात कायम चंदेरी चिकटपट्टीची गुंडाळी असे. एवढीशी फट दिसली की लाव पट्टी. घरीसुद्धा त्याने खिडक्यांच्या कडा अशा बंद केल्या होत्या की फोडणी दिली की बायकोला जिन्यात जाऊन खोकावं लागे.

हल्ली तो फार दमत होता. घरी आला की दाराजवळच्या बाकावर बूट काढायला बसायचा, आणि एक बूट हातात, दुसरा पायात अशा अवस्थेत तिथेच झोपायचा. बायको त्याला उठवायची, जेवायला वाढायची. जेवतानाही त्याचे डोळे मिटत. "अहो, निदान चावा तरी," असं ती म्हणायची. त्यात थट्टा कमी आणि काळजीच जास्त असायची.

अशा माणसाला वर्षात एकाच गोष्टीची ओढ होती. ऐन कडाक्याच्या थंडीत, तळ्यावर चिटपाखरू नसताना, दादाबरोबर तंबू ठोकून गळ टाकून बसायचं. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. लहानपणी त्याला गळाला आमिष लावायला दादानेच शिकवलं होतं. तेव्हापासून प्रत्येक थंडीत दोघे जात आले होते, गेले दोन हिवाळे मात्र गेले नव्हते.

कारण दादाचे गुडघे. दादाने जन्मभर लोकांच्या घरात फरश्या बसवल्या होत्या, म्हणजे सगळा जन्म गुडघ्यांवरच काढला होता. शेवटच्या खेपेला जुन्या बुटक्या तंबूत तो कसाबसा शिरला, पण सकाळी बाहेर येईना. गारठ्याने त्याला दोन्ही खांद्यांना धरून ओढून काढलं. ही गोष्ट वहिनीला सांगायची नाही असं दोघांचं ठरलं होतं. पण घरी आल्यावर दादा म्हणाला, "रांगत आत जायचं वय गेलं रे माझं."

दुसऱ्या कुणी या वाक्याचा अर्थ वेगळा लावला असता. गारठ्याला त्यात फक्त दार दिसलं. घोडं दारापाशी अडलंय, बस. उभ्याने आत जाता येईल असा तंबू मिळाला की दादा येणार.

मग त्याने तंबूंचा असा काही पिच्छा पुरवला की विचारू नका. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर तंबू, बसमध्ये तंबू. काही तंबू उंच होते पण कापड पातळ. काही उबदार होते पण इतके बुटके की कुत्र्यालाही मान खाली घालून जावं लागलं असतं. एक सगळ्यात चांगला होता, पण तो उभा करायला चार धडधाकट माणसं लागत, आणि इकडे दीड माणूस होता.

शेवटी एका शनिवारी काम संपवून तो थेट दुकानात गेला. दुकान एक बाई चालवत होती. दोर, बूट, कंदील आणि आत एका मोठ्या खोलीत उभे करून ठेवलेले तंबू. खोली छान गरम होती.

"किती माणसं?" बाईंनी विचारलं.

"दोन. त्यातल्या एकाला वाकता येत नाही."

"आणि दुसऱ्याला?"

"दुसऱ्याला झोप येते," गारठ्या म्हणाला.

बाई हसल्या आणि त्याला एका करड्या तंबूपाशी घेऊन गेल्या. दार चांगलं पुरुषभर उंच. कापड दुहेरी, मधे हवेला जागा. आत गादी घातली होती. "जरा आडवे होऊन बघा, म्हणजे लांबी कळेल," असं म्हणून त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेल्या.

लांबी कळली की नाही देव जाणे. पाठ टेकली आणि गारठ्या गेलाच. जाग आली तेव्हा त्याच्या अंगावर कुणीतरी दुकानातलं नवं कोरं जाकीट टाकलं होतं, त्याच्या किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच लटकत होती. बाहेर बाई दिवे मालवायच्या तयारीत होत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हाच द्या," तो घाईघाईने म्हणाला.

"बाकीचे तर बघितलेच नाहीत तुम्ही."

"झोप लागली ना यात. आणखी काय बघायचं?"

बाई तंबूची घडी करता करता समजावत होत्या. आत शेगडी पेटवायची नाही. खुंट्या तिरप्या ठोकायच्या. वर हे दोन झरोके आहेत ते... गारठ्या मान हलवत होता. कामावरच्या मुकादमाचं ऐकताना हलवायचा तशीच, म्हणजे त्यातला एक शब्दही आत जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो दादाकडे गेला. दादा खुर्चीत पाय लांब करून बसला होता. गारठ्याने दाराचं वर्णन केलं, अगदी हात वर करून उंची दाखवली.

"चांगलंय की," दादा म्हणाला. मग गुडघा चोळत म्हणाला, "पण असल्या तंबूंना खाली कापडाची पट्टी असते आडवी. पाय अडकतो."

"ती सोडता येते. विचारून आलोय."

"खाली झोपवत नाही मला."

"खाट आणलीय घडीची. तुझ्या पलंगाएवढी उंच."

"पहाटे उठावं लागतं रे मला."

"खाट दाराशीच लावतो."

"गार खाल्लं की पोट धरतं."

"डबा गरम राहतो. तसला आणलाय."

दादाने आणखी काही सापडतंय का ते बघितलं. बराच वेळ तो आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला, जणू ऐनवेळी त्यांनी तरी काही बोलावं. "बरं," तो शेवटी म्हणाला. "जाऊ मग."

गारठ्याचा जीव भांड्यात पडला. वहिनी ओट्यापाशी भांडी घासत होती. ती एवढंच म्हणाली, "भावजी, तुम्ही स्वतः जरा झोपत जा हो." आणि नळ मोठा सोडला.

जायच्या आधी गारठ्याने तंबू घरातल्या खोलीत अर्धामुर्धा उभा केला आणि शीतगृहातल्या नजरेने तपासला. शिवणी उत्तम होत्या. पण वर, शेंड्याजवळ, दोन्ही बाजूंना हाताएवढे झरोके. नुसती जाळी. त्याला दुकानातल्या बाईंची कीव आली. एवढा चांगला तंबू आणि डोक्यावर दोन भोकं. त्याने खिशातली चंदेरी पट्टी काढली आणि दोन्ही झरोके आतून बाहेरून असे बंद केले की डास सोडा, डासाचा विचारही आत येऊ नये. "आता कसं," तो बायकोला म्हणाला. बायकोने नुसतं खिडक्यांकडे बघितलं.

तळ्यावर पोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. काठावरच्या गवतावर सकाळचं दव अजून गोठलेलंच होतं. गारठ्याने एकट्याने तंबू उभा केला; दादा खुर्चीत बसून "डावीकडे घे, अजून घे," सांगत राहिला. मग गारठ्या बाजूला झाला आणि दादा काठी टेकत, मान ताठ ठेवून, उभाच्या उभा आत गेला. गारठ्याला इतकं बरं वाटलं की त्याने उगीचच एका खुंटीवर आणखी दोन घाव घातले.

अंधार पडेपर्यंत दोघांनी गळ टाकले. मासा लागला नाही. गरम जेवले, गरम पाण्याच्या पिशव्या पायाशी घेतल्या आणि झोपले. वारा नाही की झुळूक नाही. गारठ्याला बऱ्याच महिन्यांनी गाढ झोप लागली.

सकाळी आत पाऊस पडत होता.

आधी दादाच्या कपाळावर एक थेंब पडला, मग कानात एक. गारठ्याने डोळे उघडले तर वरचं सगळं कापड पांढरं, आणि बाहेर पहिलं ऊन पडलं तसं ते पांढरं वितळून टपटपायला लागलं होतं. पांघरुणं भिजली, मोजे भिजले, पाव भिजला. छतावरचा बर्फ खरवडण्यात ज्याचा जन्म गेला त्याने स्वतःच्या डोक्यावर बर्फ धरवला होता. दोन माणसांनी श्वास सोडायचा आणि तो जायचा कुठे? शीतगृहात दमट हवा बाहेरून येते. इथे ती दोघांच्या तोंडातूनच येत होती, आणि तिची बाहेर जायची वाट त्याने आपल्या हाताने बंद केली होती. तो उठला, पट्टी ओढू लागला. ती पट्टी थंडीत न सुटण्यासाठीच बनवलेली होती. नख तुटलं, पट्टी जागची हलली नाही.

दादा खाटेवर उठून बसला आणि हसायला लागला. हसून हसून त्याला खोकला आला. "चल बाहेर," तो म्हणाला. "बाहेर तरी कोरडं आहे."

दोघे काठावर खुर्च्या टाकून बसले. गारठ्याने थर्मासमधला चहा ओतला. त्याचं तोंड बंद नव्हतं. "चुकलंच माझं. पण आता कळलं. पुढच्या वर्षी नवी जाळी बसवून घेतो. झरोके उघडे ठेवायचे आणि तुझी खाट जरा अलीकडे..."

"पुढच्या वर्षी नको," दादा म्हणाला.

"अरे, गळणार नाही आता. शंभर टक्के."

"तंबूचं नाही रे."

गारठ्याने तंबूवरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं.

"तंबू चांगलाय," दादा म्हणाला. "दारही चांगलंय. गुडघ्यांचं मी तुला निमित्त सांगितलं. दुखतात, खोटं नाही. पण मला हे कधीच आवडलं नाही. बसून राहायचं, पाण्याकडे बघायचं, नाक गळत ठेवायचं. कंटाळा येतो मला. लहानपणापासून येतो."

"मग इतकी वर्षं?"

"आई म्हणायची, त्याला एकट्याला पाण्यावर पाठवू नकोस, त्याला पोहता येत नाही. म्हणून येत होतो."

"मला कधीपासून पोहता येतं, दादा."

"हो ना. मग आई गेली, तू मोठा झालास, आणि मधे कधीतरी तुला सांगायला हवं होतं, ते मला जमलं नाही. तू थंडीची वाट बघत असायचास." दादाने कप खाली ठेवला. "गुडघे गेले तेव्हा, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं."

आता गारठ्याच्या लक्षात आलं. दादा घरी उबेत बसलेला असताना आपण त्याच्यासाठी दोन वर्षं दार शोधत फिरलो, आणि सापडलेल्या दारातून त्याला परत इथे आणून बसवलं. त्याला रडू यायला हवं होतं. पण रडायलाही अंगात थोडा जोर लागतो.

"तू येत जा की," दादा म्हणाला. "तुला आवडतं."

"एकटा?"

पाण्यावर कालच्या गळाचं बूच तसंच तरंगत होतं. मग गारठ्या उठला, खुंट्या उपटल्या आणि ओला तंबू जमिनीवर पसरला. दादाही काठी टेकत आला. दोघांनी चादरीसारखी त्याची टोकं धरली, ताणली आणि घडी घालायला एकमेकांकडे चालत आले. टोकाला टोक लावताना हाताला हात लागले.

"रागावलास?" दादाने विचारलं.

"नाही."

"मग बोलत का नाहीस?"

"दमलोय, दादा," गारठ्या म्हणाला. हे त्याने आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. "फार दमलोय मी."

दादाने त्याच्याकडे नीट बघितलं. मग त्याच्या हातातली दोन्ही टोकं काढून घेतली.

"दे इकडे," तो म्हणाला. "बस तू. मी घालतो घडी." आणि एका हाताने काठी धरत, कण्हत, तो आपल्या त्या गेलेल्या गुडघ्यांवर खाली बसला.