आसरांचा सातवा दगड

पुष्कळ प्रकरणांचे क्रमांक आता विसरलो, पण दिंडोलीतल्या त्या दगडाचे प्रकरण काल घडल्यासारखे डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा मी सुरतेत फौजदार होतो. खानदेशातल्या एका लहान गावच्या ठाण्यातून सकाळी फोन आला. त्या गावाबाहेर टेकडीवर प्राचीन बौद्ध लेणी आहेत, पायथ्याशी देवीचे जुने दगडी मंदिर आणि दोन्हींच्या मधून ओढा. लेण्याच्या उंबऱ्याचे निखळलेले नऊ तुकडे रखवालदाराने ओढ्याकाठी मांडून ठेवले होते. रविवारनंतर आठच उरले. त्या दिवशी सुरतेची एकच गाडी आली होती, नोंदवहीत माणसे चौदा.

“उद्या संध्याकाळपर्यंत तुकडा मिळाला तर ठीक, नाहीतर गुन्हा दाखल करतो,” तिकडचे अधिकारी म्हणाले.

गाडीवाल्याकडून पत्ता मिळाला. सुरतेच्या दिंडोली भागातली दोन शेजारी खानदेशी कुटुंबे वर्षातून एकदा एकाच गाडीने तिथे जात. एक कुटुंब बौद्ध, ते लेण्यात वंदना करी. दुसरे देवीची ओटी भरी. जेवण ओढ्याकाठी, सगळ्यांचे एकत्र.

दुपारी खबऱ्याने सांगितले, “साहेब, त्यातल्या रेल्वेवाल्याच्या मोबाइलमध्ये त्या दगडाचा फोटो आहे.”

रेल्वेवाला पस्तिशीचा, बौद्ध कुटुंबातला कर्ता माणूस. त्याला ठाण्यात बोलावले. फोटोत कोरलेले अर्धे कमळ, शेजारी मापासाठी ठेवलेली त्याची वीत.

“फोटो कोणी काढला?”

“मीच.”

“दगड कुठे आहे?”

“मी घेतला नाही, साहेब.”

“मग कोणी घेतला?”

तोच प्रश्न मी चार वेळा विचारला, चारही वेळा तो गप्प. गुन्हा दाखल झाला तर नोकरीवर गदा येईल, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो एवढेच म्हणाला, “माहीत आहे.” खोटे बोलणारा माणूस इतका वेळ गप्प बसत नाही, काहीतरी सांगत सुटतो. त्याला घरी पाठवले, मोबाइल ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा जणांची यादी पडताळायला मी त्यांच्या गल्लीत गेलो. सार्वजनिक नळाशेजारी शेंदूर फासलेले दगड ओळीने मांडलेले होते. पाण्याच्या साती आसरा, म्हणजे सात जलदेवता; खानदेशी माणूस पाण्याजवळ त्यांना बसवतोच. सवयीने मोजले. सहा गोल, नदीत घासलेले. सातव्याची एक कड सरळ होती आणि शेंदूर ताजा.

रेल्वेवाल्यासोबत गेलेल्या शेजारच्या कुटुंबातली म्हातारी मावशी तिथे भांडी घासत होती. मी विचारले, “मावशी, ही सातवी नवी दिसते?”

“गटार खोदताना पहिली गई ना, भाऊ. सहा आसरा कश्या ठेवू? गावना व्हड्यामाईन लई उनू.”

“ओढ्यातून आणली? जरा उलटी करा.”

मी हात लावला नाही. मावशीने नमस्कार करून दगड उलटा केला. खाली, सुकलेल्या चिखलाआड, अर्धे कमळ होते. तिने बोटाने पाकळ्या चाचपून पाहिल्या. मग यासाठी रेल्वेवाल्यावर गुन्हा येऊ शकतो हे मी सांगितले, तशी ती ओल्या हातांनीच त्याच्या दारात गेली.

“तुले दखाये ना रे? सांगं का नही?”

तो बाहेर आला. “दिसला, मावशी. पण फोटो काढल्यावर तो दगड मीच पालथा ठेवला होता. सरळ ठेवला असता तर तू उचललाच नसता. पुढच्या वर्षी गुपचूप नेऊन ठेवणार होतो.”

“पुढला वरीसलोंग तुले तुरुंगमा भाकर कोन देतं?” मावशी म्हणाली.

पंचनामा करून दगड ताब्यात घेतला आणि दोघांना घेऊन त्याच दिवशी निघालो. सूर्य मावळण्यापूर्वी ओढ्याकाठचे तुकडे पुन्हा नऊ झाले. मावशीचा जबाब ऐकून तिकडच्या अधिकाऱ्यांनी गुन्हा दाखल केला नाही. रखवालदाराने स्वतः पाण्यात उतरून तिला सातव्या आसरेसाठी एक गोटा काढून दिला.

लेण्यात रेल्वेवाल्यामागे मी उभा राहिलो, खाली येऊन देवीपुढे हात जोडले. तोवर अशी ठिकाणे मी फक्त बंदोबस्ताला पाहिली होती.

नोकरीत मी हजारो प्रश्न विचारले. पण माणूस गप्प असेल तर तो कोणासाठी गप्प आहे, हे आधी पाहावे, ही गोष्ट मला त्या गल्लीने शिकवली.

निवृत्तीनंतर मीही त्या गाडीने जातो. नोंदवहीत आता पंधरा माणसे असतात. निघताना रखवालदार डोकी मोजतो, मी तुकडे मोजतो, आणि मावशी न सांगता आपली पिशवी उघडून दाखवते.