निळे हातमोजे

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामावर शंका घेण्याचा मला दर पंधरा दिवसांनी पगार मिळतो. नवरा म्हणतो, ही नोकरी नसती तरी तू हेच काम फुकटात केलं असतंस. त्या उन्हाळ्यात मी ते फुकटातच केलं, आणि तेही माझ्या सख्ख्या आईवर.

आई नागपूरहून आमच्याकडे मिशिगनमध्ये ट्रॉयला आली होती. सुट्टीत कुठे न्यायचं यावर बरीच चर्चा होऊन नवऱ्याने एक ट्रेलर भाड्याने घेतला. गाडीच्या मागे ओढायची चोवीस फुटांची खोली, आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं. मिशिगनहून साउथ डकोटापर्यंत जायचं आणि परत यायचं, दोन आठवडे, चार माणसं: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि आई. नवरा पुण्याचा, त्यामुळे चाकातल्या हवेपासून चहाच्या गाळणीपर्यंत सगळ्याची यादी तयार होती.

आईची यादी एकाच ओळीची होती. अधिक महिना होता. लग्नाला बारा वर्षं झाली तरी जावयाला अधिकाचं वाण स्वतःच्या हाताने द्यायला तिला जमलं नव्हतं. तीन वर्षांनी येणारा महिना, आणि प्रत्येक वेळी आम्ही इथे, ती तिथे. या खेपेला ती तेहतीस अनारशांचा डबा आणि चांदीचं निरांजन घेऊनच आली होती. पौर्णिमा प्रवासात येत होती, म्हणून डबाही ट्रेलरमधून निघाला. वळणावर तो घसरला की आईच्या जिवाचं पाणी व्हायचं.

पहिला मुक्काम इंडियानात, तळ्याकाठी. आई खूश होती. संध्याकाळभरात तीनदा चहा झाला. सकाळी निघताना कॅम्पच्या फाटकापाशी नवऱ्याने ट्रेलर थांबवला, ट्रेलरच्या दाराजवळच्या खुंटीवरच्या निळ्या रबरी हातमोज्यांची एक जोडी चढवली आणि खाली उतरला. संडासाचं सगळं ट्रेलरखालच्या टाकीत साठतं. ते जाड पाइप लावून जमिनीतल्या भोकात सोडायचं, मग पाइप धुवायचा. आई ट्रेलरच्या खिडकीतून बघत होती; फाटकापर्यंत आम्ही आतच बसायचो.

“हे काय करून राहिले जावईबापू?”

“टाकी रिकामी करतोय. आपलंच सगळं. कुणीतरी करायला हवं ना!” मी हसत म्हटलं आणि सँडविचं बांधायला लागले. ती हसली नाही.

इलिनॉयमध्ये मी थर्मासमधला चहा पुढे केला तर म्हणाली, “नको गं, ॲसिडिटी होते.” माझ्या आईला चहाने ॲसिडिटी? जिला चहा नाही मिळाला तर डोकं धरतं तिला? मी मनात नोंद केली. विस्कॉन्सिनमध्ये पारा नव्वद फॅरनहाइटच्या पुढे गेला, आम्ही तिघं बाटल्यांवर बाटल्या संपवत होतो, आणि आई ताकाचा ग्लास हळूच लेकीकडे सरकवत होती.

“आजी, डोन्ट यू गेट थर्स्टी?”

“मला तहानच नाही लागत बाप्पा.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला जाग आली तर आईचा पलंग रिकामा. दार उघडून बघते तो बाई खांद्यावर टॉवेल टाकून लांबून चालत येतायत. म्हणे, फिरायला गेली होती. गाडीपासून देवळाच्या दारापर्यंत चालायचं तरी जिच्या कपाळाला आठ्या पडतात, ती पहाटे अनोळखी जागी एकटी फिरायला!

मी नागपूरला भावाला फोन लावला. “आईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत,” तो म्हणाला, “उगाच डोकं नको खाऊ यार.” उत्तर जरा जास्तच पटकन आलं असं मला वाटलं. म्हणजे हाही सामील.

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. बाबांनी असंच केलं होतं. दुखतंय हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आईला काही झालेलं असेल आणि ती माझ्यापासून लपवत असेल तर? शेवटचं एकदा लेकीचं घर बघून यावं, जावयाला वाण देऊन टाकावं, म्हणून तर ती आली नसेल? हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग निघेना.

त्यात नवऱ्याचं वागणं. हा माणूस एरवी दीडशे मैल गाडी थांबवत नाही. आता मात्र दर तासाला हायवेवरच्या रेस्ट एरियात वळायचा, टायरला एक लाथ मारायचा आणि मोठ्याने म्हणायचा, “आई, जरा पाय मोकळे करून घ्या.” घरी बसून त्याने तळ्याचा व्ह्यू असलेल्या जागा निवडल्या होत्या. आता प्रत्येक कॅम्पच्या ऑफिसात जाऊन तो जागा बदलून घ्यायचा आणि आम्ही सार्वजनिक बाथरूमच्या भिंतीसमोर मुक्काम ठोकायचो. आणि आई त्याच्या नजरेला नजर देत नव्हती. मिनेसोटात तो काचेवर चिकटलेले किडे घासत होता तेव्हा मी त्याला गाठलं.

“तू आईला काही बोललास का?”

“मी? मी काय बोलणार?”

“मग ती तुझ्याकडे बघत का नाही?”

तो नुसताच किडे घासत राहिला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

त्या दुपारी आई आणि लेक झाडाखाली पत्ते खेळत असताना मी आईची पर्स उघडली. चांगलं केलं नाही, पण केलं. बीपीच्या दोन गोळ्या असतात तिच्या, एक पांढरी आणि एक छोटी पिवळी, लघवीची. डॉक्टरांनी दोन्ही रोज घ्यायला सांगितलेल्या. पांढऱ्या बरोबर कमी झाल्या होत्या. पिवळ्यांची स्ट्रिप मात्र, मोजून बघितलं, इंडियानानंतर एकानेही कमी झाली नव्हती.

मान वर केली तर आई दारात उभी.

“माझी पर्स कायले उघडली?”

“ही गोळी का घेत नाहीस?”

“घेते ना.”

“आई, स्ट्रिप माझ्या हातात आहे.”

तिने स्ट्रिप काढून घेतली, पर्स काढून घेतली आणि ती पोटाशी धरून बसली. साउथ डकोटाची पाटी येईपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मी रागाने आणि ती, मला वाटत होतं, अपराधीपणाने.

तिथल्या उघड्याबोडक्या टेकड्या बघायला आम्ही उतरलो. सावली नावाला नाही. आई गाडीतून खाली उतरली, दोन पावलं चालली आणि जमिनीवर बसली. बसली म्हणजे खचलीच. नवऱ्याने धावत जाऊन तिला मागून धरलं. तिचे ओठ कोरडे पांढरे पडले होते. मला आठवतंय, मी तिला सावरायच्या आधी ओरडले, “सांग आता तरी! काय लपवतेयस?”

जवळच्या गावात छोटा दवाखाना होता. नर्सने सलाइन लावलं आणि मला विचारलं, दिवसभरात पाणी किती पितात, लघवीला शेवटच्या कधी गेल्या. मी ते आईला मराठीत विचारलं. आईने नवऱ्याकडे बघून पदर सारखा केला. तो लेकीला घेऊन बाहेर गेला.

“मला काही झालं नाही,” आई छताकडे बघत म्हणाली. “सकाळी त्या बाहेरच्या बाथरूमात जाऊन येते. मग दिवसभर जावं लागू नये म्हणून पाणी नाही पीत; दर थांब्यावर त्यांच्यासमोरून उठून कसं जाऊ? त्या गोळीनं तर सारखं जावं लागते.”

“पण ट्रेलरमध्ये आहे ना!”

“आहे. आणि ते उपसते कोण?” तिचा आवाज चढला. “अधिकाचा महिना आहे. ज्यांचे पाय धुवायला मी इतक्या दूर आली, त्यांना माझी घाण काढायला लावू? माझ्याच्यानं नाही होत बाप्पा.”

मला हसू येत होतं आणि रडूही. आजार नव्हता! इतक्या दिवसांचं ओझं एकदम उतरलं. मी तिचा हात धरून म्हटलं, “अगं, त्याला काहीच वाटत नाही त्याचं.”

“त्यांना नसेल वाटत. मला वाटते.” मग अगदी साधेपणाने म्हणाली, “तू केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तू पोटची आहेस. पण तू तर कधी उतरलीच नाही.”

मी सलाइनचे थेंब बघत बसले.

बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “माहितीय. टाकी किती भरली ते दाखवणारा दिवा चौघांच्या मानाने पुढे सरकत नव्हता तेव्हाच लक्षात आलं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू तिला तिथल्या तिथे विचारलं असतंस. माझ्यासमोर.” तो खाली बघत होता. “मला वाटलं, सारखं थांबत गेलो की भागेल. चुकलंच माझं.”

मी त्याच्यावर चिडले, पण तो बोलला ते खरं होतं. मी विचारलंच असतं.

पौर्णिमेला वाण झालं. बाहेर फोल्डिंगच्या खुर्चीत जावई, पायांवर कॅम्पच्या नळीचं पाणी, निरांजन वाऱ्याने तीनदा विझलं. तेहतिसातले चार अनारसे रस्त्यात मोडले होते, तेही आईने मोजून ठेवले. त्याने वाकून नमस्कार केला. आईने दहा दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. पण तिच्यासाठी भरून ठेवलेला पाण्याचा ग्लास तसाच होता.

सकाळी फाटकापाशी ट्रेलर थांबला. नवरा येऊन ट्रेलरचं दार उघडायला लागला तेव्हा मी त्याला म्हटलं, “तू बस.” हातमोज्यांची दुसरी जोडी खुंटीवर पहिल्या दिवसापासून लटकत होती. तिच्यावरचा कागदी पट्टाही निघालेला नव्हता. तो मी तोडला आणि खाली उतरले. पाइप उलटा लावला, पुन्हा लावला. टाकीचा खटका ओढला.

वर बघितलं तर खिडकीत आई होती. तिच्या हातात कालचा तो ग्लास होता. माझ्याकडे बघत तिने तो तोंडाला लावला आणि सगळा संपवला.