उडीच्या बटणावरचं चंदन
सहाणेवर चंदन उगाळल्याचा वास आला की मला धाकट्या बहिणीचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आठवतो. त्यातला बेडूक खड्ड्यांवरून उड्या मारत पुढे जायचा आणि गेम माझ्या हातात आला की हटकून पडायचा. "उडी उशिरा लागते, गेमच भिकार आहे," असं मी तिला सारखी ऐकवायची. खरं तर मलाच खेळता येत नव्हतं. तंजावरात आमच्याकडे सरस्वतीपूजेला वह्या-पुस्तकं देवीपुढे मांडतात आणि विजयादशमीच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. त्या वर्षी तिने पुस्तकांवर गेमही ठेवला आणि उडीच्या बटणावर ओल्या चंदनाचा ठिपका लावला. "आता नीट उडी मारेल, अक्का," म्हणाली. दुपारी आई आत नैवेद्याच्या सुंडलसाठी, म्हणजे खोबरं घातलेल्या उसळीसाठी, चणे शिजवत होती, बहीण शेजारी नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या कोलूच्या बाहुल्या बघायला गेली होती. मी हळूच गेम उचलला. बेडूक पडतच राहिला, मी चिडून बटण दाबत राहिले आणि चंदन फटीत उतरलं. वरून नवा ठिपका लावून मी गेम होता तसा ठेवून दिला. सकाळी तिने नमस्कार करून तो सुरू केला, तर वाळल्या चंदनात रुतलेलं बटण वर येईना. बेडूक पहिल्याच खड्ड्यात गेला. "अक्का, तू म्हणायचीस तेच खरं," ती म्हणाली, आणि मी मान डोलावली. आजही मुलांसाठी नवा गेम घ्यायचा झाला की ती आधी मला फोन करते. म्हणते, अक्काला त्यातलं कळतं.