ओट्याची उंची

सिरसाळ्याच्या आमच्या घरी नवा ओटा बांधायला गवंडी आला, तेव्हा उंची मीच सांगितली होती. जुना ओटा पाडायच्या आधी आईनं त्याला स्वयंपाकघरातच जेवायला बसवलं. ती ओट्यावर भाकरी थापून गरम गरम त्याच्या ताटात वाढत होती. तो मात्र तिच्या पायांकडं बघत होता.

“मावशी, पाटावर काहून उभ्या ऱ्हाता?”

“हात पुरत न्हाई, बाबा. बारा वर्सं झाली, सवय हाय.”

मी रोज तिथंच जेवत होतो, पण तो पाट मला कधी दिसला नव्हता.

हात धुऊन त्यानं आईला पाटावरून खाली उतरायला लावलं. भाकरी थापताना कोपर कुठं येतं ते बघून भिंतीवर खूण केली. मी सांगितलेलं माप बाद झालं.

चार दिवसांनी नव्या ओट्यावर हात फिरवत आईनं त्याला विचारलं, “तुमच्या घरी ओटा केवढा हाय?”

“तिथला तयारच होता, मावशी.” तो थापीवरचं सिमेंट खरवडत थांबला. “बायकोचा हात पुरतो का, हे मी इचारलंच न्हाई कधी.”