ओहोटी विचारणाऱ्या वकीलबाई

ॲड. सुमतीताईंची आणि माझी पहिली भेट ठाण्यातल्या टेंभी नाक्याजवळच्या त्यांच्या कार्यालयात झाली. ऐंशीचे दशक सरत आले होते. मी डोंबिवलीहून नवी सनद आणि नवा काळा कोट घेऊन आलो होतो. अकलेपेक्षा कोटालाच कडक इस्त्री होती. ताईंनी माझे गुण विचारले नाहीत. जेवलात का, एवढेच विचारले आणि आपल्या डब्यातली पोळी-भाजी पुढे केली.

त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त मोठ्या खटल्यांवर इतर मंडळी लिहितीलच. मी एका लहान खटल्याविषयी लिहितो, कारण त्यात माझी फजिती आहे.

कोपरीचे हिराजी खाडीत मासेमारी करत. खाडीकाठच्या एका गोदामातले पितळ चोरून त्यांनी संध्याकाळी होडीतून पळवले, असा आरोप होता. गोदामाचा पहारेकरी तर डोळ्यांनी पाहिल्याचे सांगत होता. जामिनावर सुटलेल्या हिराजींचा जबाब घेण्याचे काम ताईंनी माझ्यावर सोपवले. मी विचारले, त्या संध्याकाळी कुठे होतात? घरी, म्हणाले. साक्षीदार? बायको. यापलीकडे ते बोलेनात, तेव्हा चोरी यांनीच केली असावी असे मी मनोमन ठरवून टाकले आणि ताईंना तसे सांगितलेही.

दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन कोपरीला गेल्या. हिराजींच्या ओटीवर बसून त्यांनी जाळ्यांची, माशांची चौकशी केली. मग सहज विचारले, की त्या संध्याकाळी होडी काढली असती तर कुठवर पोहोचला असता?

हिराजी पहिल्यांदाच हसले. "बाय, अवस व्हती. अवसेचे सांजेला खारीन पानी नसतं, निस्ता चिखल. होरी चालल कशी? ह्या कोनाला सांगाला लागतं?"

अमावास्येच्या संध्याकाळी खाडीला पूर्ण ओहोटी असते, ही गोष्ट खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला सूर्य पूर्वेला उगवतो इतकी उघड वाटत होती आणि आम्ही ती विचारलीच नव्हती. मी मान खाली घातली. परतताना ताई म्हणाल्या, चूक आपल्या दोघांची. ती एकट्या माझी होती, हे त्यांनाही ठाऊक होते.

ठाण्याच्या कोर्टात ताईंनी पंचांग आणि भरती-ओहोटीचे सरकारी कोष्टक पुढे ठेवले. होडी वल्हवत नेताना पाहिली, असे शपथेवर सांगून बसलेल्या पहारेकऱ्याला घाम फुटला. पितळ त्यानेच टेम्पोतून नेऊन विकल्याचे उलटतपासणीत बाहेर आले. हिराजी निर्दोष सुटले.

मी पेढे आणायला निघालो, पण हिराजी पायरीवर तसेच बसून होते. त्यांच्या पत्नी पारूबाई बाजारात मासळी विकत. चोराची बायको म्हणून महिनोन्‌महिने गिऱ्हाईक त्यांची पाटी टाळत होते.

"कोरटान सुटलो, बाय," ते म्हणाले. "बाजारान नाय."

ताईंनी घड्याळ पाहिले नाही, कोटही उतरवला नाही. तशाच बाजारात गेल्या आणि पारूबाईंच्या शेजारी एका उलट्या खोक्यावर बसल्या. जन्मात मासळी न खाल्लेल्या ताई बोंबील कसे सुकवतात हे मन लावून ऐकत होत्या. काळ्या कोटातली बाई इथे काय करते, हे पाहायला बायका थांबल्या. विचारणाऱ्या प्रत्येकीला ताईंनी निकाल सांगितला. मग एकीने भाव विचारला. पाटी रिकामी झाली तेव्हाच ताई उठल्या.

ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. निकालानंतरही शेजारी येऊन बसणारे माणूस आम्हाला लाभले आहे, आणि ते आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हवे आहे.