लांडग्यांवरचा आळ

लांडग्यांची विष्ठा तपासणं हे माझं काम आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस पुढे केलेला हात हळूच मागे घेतो. मला त्याची मजा वाटते. मग मी मुद्दाम पुढचंही सांगते. आम्ही सांभरच्या बाजूला माळावर जातो, लांडग्यांच्या वाटेवर पडलेली विष्ठा पिशव्यांत भरतो, जयपूरला आणतो आणि तिच्यात पट्टकृमीची अंडी शोधतो. मला बघायला आलेल्या एका बँक अधिकाऱ्याला मी हे ऐन पोहे खाताना ऐकवलं होतं. त्याने बशी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

आम्ही शोधतो तो किडा जेमतेम तिळाएवढा. लांडग्याच्या आतड्यात हजारोंनी राहतो आणि लांडग्याला पत्ताही नसतो. भोगायचं ते मेंढीने. विष्ठेतली अंडी गवतावर पसरतात, चरताना मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात पाण्याने भरलेले फुगे वाढू लागतात. फुगे वाढले की मेंढी दमते, कळपाच्या मागे पडते. लांडगा तिला धरतो, फुग्यांसकट खातो, आणि किडा परत आपल्या घरी पोचतो. हा बंदोबस्त मला पहिल्यापासून आवडला. त्यात कुणाला दया नाही आणि कुणाचं वैरही नाही. कुत्र्यांतही हेच चालतं. माणसाच्या पोटात अंडी गेली तर मात्र किडा फसतो, कारण माणसाला खायला कुणी येत नाही. फुगा नुसता वाढत बसतो.

म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. माळावरून आलेली पिशवी आधी मोठ्या डीप फ्रीझरमध्ये जाते आणि आतली अंडी गोठून मरेपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. घरच्या फ्रिजच्या थंडीने या अंड्यांना काहीही होत नाही. मी नियमाच्या बाबतीत खडूस आहे. घाई करणाऱ्या एका मुलीला मी सगळ्यांसमोर रडवलं होतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

तर माझ्याच यकृतात मोसंबीएवढा फुगा निघाला.

उजव्या बरगडीखाली दुखत होतं म्हणून सोनोग्राफीला गेले. डॉक्टर पडद्यावर मापं घेत होता. त्याच्याआधी मीच ओळखलं. एका मोठ्या फुग्यात छोटे छोटे फुगे, हे चित्र मी स्वतः विद्यार्थ्यांना दाखवते. पुढे सर्जनने सांगितलं की भिंतीवर चुन्यासारखा थर धरलाय, हा खूप जुना आहे, लहानपणापासूनचा असावा. लांडग्यांच्या कामाला लागून मला दोनच वर्षं झाली होती. लहानपणापासूनचा म्हणजे कुठला, हे मला तिथे खुर्चीवरच कळलं.

बाबा रेल्वेत गार्ड होते. अकोल्याहून बदली होऊन आम्ही खातीपुऱ्याच्या क्वार्टरमध्ये आलो तेव्हा मी पहिलीत होते. मला हिंदी धड येत नव्हती, मुलं हसायची, मी शाळेतून रडत यायचे. बाबांनी मला एक कुत्रा आणून दिला. त्याच्याशी मराठीत बोलता यायचं. तो माझ्या उशीवर झोपायचा, माझं तोंड चाटायचा, आणि माझ्या हातातली अर्धी पोळी त्याची असायची. दर रविवारी बाबा खाटकाकडे जात. फुगे असलेली कलेजी गिऱ्हाईक घेत नसे, खाटीक ती बाजूला टाकायचा. बाबा तीच मागून आणायचे. अंगणात बसून स्वतःच्या हाताने तिचे तुकडे करायचे आणि मला म्हणायचे, "घे, तूच चार त्याले. तुह्या हातचं खाते तो." कुत्रा लवकरच तुकतुकीत झाला. आसपासच्या क्वार्टरमधली माणसं त्याचं कौतुक करायची आणि बाबा फुगून जायचे. आज मी मेंढपाळांना घसा कोरडा होईपर्यंत सांगते की फुग्यांची कलेजी कुत्र्याला घालू नका, खोल पुरा.

फुगा कुठून आला हे बाबांना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. फुगा माझ्या पोटात आहे, कापणार मला आहेत, मग म्हाताऱ्याला कशाला चिरायचं? पण बाबा गप्प बसणारे नव्हतेच. प्रताप नगरच्या आमच्या कॉलनीत दूधवाल्यापासून इन्शुरन्सवाल्या काकांपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगितलं, की लांडग्यांनी पोरीचं लिव्हर खाल्लं. मला म्हणाले, "तुले किती डाव सांगतलं, ते गू उपसाचं काम सोड म्हनून. बापाचं आयकलं असतं तं आज हे पाहा लागलं असतं काय?" मी दात आवळून ऐकून घेतलं.

मग एक दिवस ते मला न सांगता थेट आमच्या साहेबांसमोर जाऊन बसले. मला आत बोलावलं तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, हात जोडून बोलत होते. "साहब, मेरी बच्ची को इस काम से हटा दीजिए." साहेब भित्रा माणूस. प्रकरण वर गेलं तर आपली मान अडकेल, एवढंच त्याला दिसत होतं. मला न विचारताच त्याने ठरवून टाकलं होतं. माळावर जाणं बंद, प्रयोगशाळा बंद, ऑपरेशननंतर मी कार्यालयात कागद लावत बसायचं. वर सुनावलं, की आपने ही फ्रीझर का नियम तोड़ा होगा.

मी! नियम मोडला!

माझं डोकं फिरलं. बाबांकडे वळून मराठीत सांगितलं असतं तर साहेबाला ओ की ठो कळलं नसतं, घरातली गोष्ट घरात राहिली असती. मी हिंदीत बोलले. स्वच्छ, हळू, एकेक शब्द तोडून, साहेबाला समजावं म्हणून. "सर, यह गाँठ भेड़ियों की नहीं है. यह मेरे बचपन की है. हमारे घर में एक कुत्ता था." मग खाटीक सांगितला, कलेजी सांगितली, रविवार सांगितला. कलेजी कोण आणायचं तेही सांगितलं. सर्जनने काय म्हटलं ते शेवटी सांगितलं. मी बाबांकडे एकदाही पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर थांबले असते.

साहेब सुटल्यासारखा हसला. मग तर काही प्रश्नच नाही, म्हणाला. बरी झाल्यावर काम पुन्हा सुरू करा. त्याने बाबांना चहा विचारला. बाबांनी जोडलेले हात अजून सोडले नव्हते.

घरी येताना आम्ही ई-रिक्षा केली. सांगानेरच्या आसपास बाबा म्हणाले, "तो तं लई गुनाचा होता." मी म्हटलं, "त्याला काय माहीत, बाबा." त्याला, एवढंच म्हटलं. तुम्हालाही काय माहीत होतं, हे दुसरं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. रागाने मी ते गिळलं. साहेबासमोर मला हे सगळं बोलायला लावलं, त्याचा राग होता.

ऑपरेशनच्या आधी बाबा एकदा सकाळीच कुठेतरी गेले ते उन्हं चढल्यावर आले. हातात सोनोग्राफीचं पाकीट होतं. आईने घाबरून विचारलं, "काऊन, तुमचंही दुखते काय?" पाकीट त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवलं. मी काढून वाचलं. यकृत साफ होतं, मूत्रपिंडं साफ होती, कुठे काही नव्हतं. आईने देवाला हात जोडले.

बाबा माझ्याकडेच बघत होते.

"माह्यात काहीच नाई निंघालं वं," ते म्हणाले. "मी त्या डाक्टरले म्हनलं, भैया, अजून एक डाव पाहा. मीच कापत होतो ते, माह्यात असंनच. तं तो हसाले लागला."